गंजलेली 'मसल बाइक' विकत घेण्याआधी: रिस्टोरेशन, पार्ट्सचा शोध आणि धंद्याचं गणित



जुन्या वस्तूंच्या धंद्यावरच्या व्हिडिओत मी मसल बाइकवर जेमतेम पाच मिनिटं बोललो होतो. पाच मिनिटांत हा विषय मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

तुम्ही असे व्हिडिओ पाहिले असतील. पहिल्या फ्रेममध्ये गंजून लाल झालेली सायकल, मग जोरदार म्युझिक, आणि शेवटी आरशासारखी चमकणारी सायकल. खाली लिहिलेलं असतं, "इतक्याला घेतली, तितक्याला विकली." बघणाऱ्याला वाटतं की पॉलिश पेपर आणला, दोन रविवार घासलं की झाला धंदा. मधले तीन महिने कुणी दाखवत नाही. एका सीटसाठी शोधाशोध, चुकीचा आलेला टायर, जाम झालेला कॉटर, पार्सलचा खर्च हे सगळं त्या म्युझिकखाली दबून जातं. आपले पैसे मात्र नेमके तिथेच जातात.

एक गोष्ट आधीच सांगतो. मसल बाइकचा बाजार मुख्यतः अमेरिका आणि इंग्लंडमधला आहे. तिकडे राहणारे आपले मराठी लोक हे चॅनल बघतात, त्यांना हा लेख थेट उपयोगाचा. इथे राहणाऱ्यांनी यातली पद्धत उचलायची. आपल्याकडच्या जुन्या रोडस्टर सायकलींना ती कशी लावायची ते शेवटी सांगतो.

मसल बाइक म्हणजे नेमकं काय?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं आपल्या छोट्या २० इंची सायकलींना उंच हँडल आणि केळ्याच्या आकाराची लांब सीट लावायला लागली. शिकागोच्या श्विन कंपनीत अल फ्रिट्झ नावाचे अधिकारी होते. त्यांच्या कानावर हे आलं आणि १९६३ मध्ये श्विननं 'स्टिंग-रे' बाजारात आणली. गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं काय जुगाड करतंय ते बघा आणि तेच बनवून विका, हा धडा इथे फुकट मिळतो. पुढे मरे, सिअर्स असे सगळेच या रांगेत आले. त्या काळात अमेरिकेत दणकट इंजिनाच्या 'मसल कार' गाजत होत्या, त्यावरून या सायकलींना 'मसल बाइक' म्हणायला लागले.

१९६८ मध्ये श्विननं 'क्रेट' मालिका काढली. ऑरेंज क्रेट, ॲपल क्रेट, लेमन पीलर, पी पिकर ही पहिली नावं. पुढे १६ इंची छोटं चाक, स्प्रिंगवाला चिमटा, मागे २० इंची चाकाला रुंद आणि गुळगुळीत टायर, आणि मधल्या दांड्यावर गाडीसारखा गिअरचा दांडा. इंग्लंडमध्ये रॅले कंपनीनं याला उत्तर म्हणून 'चॉपर' आणली. ती १९६९ मध्ये अमेरिकेत आणि १९७० मध्ये इंग्लंडमध्ये आली. तिलाही पुढे १६ आणि मागे २० इंची चाक, आणि मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. १९६८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर आज पासष्टी ओलांडून गेलंय. हाच तुमचा ग्राहक. नोकरी संपली, घराचं कर्ज फिटलं, आणि लहानपणी शेजारच्या मुलाकडे होती पण आपल्याला मिळाली नाही ती सायकल आता त्याला हवी आहे. तो चालवायला सायकल घेत नाही, आठवण विकत घेतो. म्हणून "दिसायला तशीच" त्याला चालत नाही. सीटवरचे पट्टे, चेनकव्हरवरची अक्षरं, गिअरच्या दांड्याची मूठ, सगळं त्याला तसंच्या तसं लागतं. आणि ही ग्राहकपिढी कायम राहणार नाही हेही लक्षात ठेवा. दहा सायकली कोठारात भरून "भाव वाढेल तेव्हा विकू" असा हिशोब करणाऱ्यानं ग्राहकाचं वयसुद्धा मोजावं.

पहिला नियम: सायकल बघू नका, नसलेले पार्ट मोजा

नवखा माणूस गंज बघून घाबरतो किंवा गंज बघूनच भाव पाडतो. जुना खेळाडू गंजाकडे नंतर बघतो. आधी तो काय काय गायब आहे ते मोजतो, कारण गंज काढायला ऑक्झॅलिक ॲसिड आणि मेहनत लागते, पण नसलेली सीट मेहनतीनं उगवत नाही.

मसल बाइकमध्ये फ्रेम बऱ्याचदा स्वस्तात मिळते. महाग काय? सीट, सीटमागची उंच कमान म्हणजे सिसी बार, गिअरचा दांडा, चेनकव्हर, स्प्रिंगचा चिमटा, मूळ रिम आणि मूळ टायर. पोरांनी वापरलेल्या सायकली या. सीट फाटली की फेकली, गिअर बिघडला की काढून टाकला. म्हणून हेच पार्ट कमी उरलेत.

एक उदाहरण घेऊ. हे आकडे मी गणित समजावं म्हणून धरलेत, बाजारभाव म्हणून वाचू नका.

समजा दोन स्टिंग-रे समोर आहेत. 'अ' सायकल ८० डॉलरला मिळतेय. रंग बरा आहे, पण सीट, सिसी बार, हँडल आणि चेनकव्हर नाही. 'ब' सायकल २५० डॉलरला आहे. गंजानं भरलेली, पण सगळे पार्ट जागेवर.

'अ' चा हिशोब: खरेदी ८०. सीट ९०, सिसी बार ६०, हँडल ७०, चेनकव्हर ८०, म्हणजे ३००. टायर-ट्यूब ८०. छर्रे, केबल, ग्रीस असं किरकोळ ४०. केमिकल आणि पॉलिश २०. पाच पार्सलचे प्रत्येकी १५ म्हणजे ७५. एकूण ५९५.

'ब' चा हिशोब: खरेदी २५०, टायर-ट्यूब ८०, किरकोळ ४०, केमिकल आणि पॉलिश २०. एकूण ३९०.

दोन्ही तयार झाल्यावर ६०० ला गेल्या असं धरा. 'स्वस्त' सायकलीत उरले ५ डॉलर. 'महाग' सायकलीत उरले २१०. आणि अजून तुमची मजुरी मोजलेली नाही! 'अ' ला शोधाशोध धरून ३० तास गेले, 'ब' ला २० तास. म्हणजे एकीकडे तासाला साडेदहा डॉलर, दुसरीकडे तासाला चहाचेही पैसे नाहीत.

म्हणून सायकल बघायला जाताना खिशात एक कागद ठेवा. तीन रकाने करा: आहे आणि चालेल, आहे पण दुरुस्ती लागेल, नाही. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक पार्टपुढे भाव लिहिल्याशिवाय मालकाला आकडा बोलायचा नाही. भाव माहीत नसेल तर "उद्या सांगतो" म्हणा. सायकल पन्नास वर्षं गंजत पडली होती, एक रात्र अजून राहील.

ओळख पटवा: नंबर काय सांगतो

पार्ट शोधायच्या आधी आपली सायकल कोणत्या वर्षाची आहे हे कळलं पाहिजे, नाहीतर १९६६ च्या फ्रेमवर १९७२ चं चेनकव्हर चढतं आणि जाणकार ग्राहक दोन मिनिटांत हसून निघून जातो.

श्विनचा सिरीयल नंबर आधी मागच्या चाकाच्या डाव्या बाजूच्या ड्रॉपआउटवर असायचा, १९७० पासून पुढे हेड ट्यूबवर आला. १९६५ पासूनच्या नंबरात पहिली दोन इंग्रजी अक्षरं बघा. पहिलं अक्षर महिना, दुसरं वर्ष. महिन्यासाठी 'ए' म्हणजे जानेवारी, तिथून पुढे 'एम' म्हणजे डिसेंबर, मधलं 'आय' सोडून दिलेलं. वर्षासाठी 'ए' म्हणजे १९६५, 'बी' म्हणजे १९६६, असं पुढे. नंबर 'डीई' नं सुरू होत असेल तर एप्रिल १९६९. पण हा नंबर ठोकल्याचा महिना असतो. सायकल जोडली जायला त्यानंतर काही काळ जाऊ शकतो, त्यामुळे एखादा पार्ट थोडा नंतरचा निघाला तर लगेच "बनावट" म्हणू नका.

चॉपरमध्ये मागच्या हबकडे बघा. स्टर्मी-आर्चरच्या 'एडब्ल्यू' हबच्या कवचावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. '७२ ५' असेल तर हब मे १९७२ चा. हबची तारीख आणि सायकलीचं मॉडेल जुळत नसेल तर चाक बदललेलं असण्याची शक्यता आहे. ही गोष्ट भाव करताना तुमच्या बाजूनं बोलते. आणि विकताना तीच ग्राहकाला तुम्ही स्वतःहून सांगायची असते.

खोलण्याआधी: फोटो, पिशव्या आणि एक प्रश्न

माझं सायकल आणि स्पेअरचं दुकान आहे, त्यामुळे हे रोज बघतो. पाना लावायच्या आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. केबल कुठून कशी गेलीय, वॉशर कोणत्या क्रमानं आहेत, सगळं. काढलेला प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव. कॉलेजला बीबीए करताना इन्व्हेंटरीचा अख्खा पेपर होता. त्याचं सार या पिशव्यांत आहे: वस्तू असूनही सापडत नसेल तर ती नसल्यासारखीच, आणि ती पुन्हा विकत घ्यावी लागते.

आणि काम ग्राहकाचं असेल तर पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारा: "यातलं काय तसंच ठेवायचं आहे?"

इंग्लंडमध्ये बरीच वर्षं राहून परत आलेले एक काका त्यांची चॉपर घेऊन दुकानात आले होते. सामानाबरोबर ती जहाजानं आणलेली. रंग ठिकठिकाणी उडालेला. मी विचारलं, "काका, पूर्ण रंग मारायचा का?" ते म्हणाले, "सगळं कर, पण सीटखालच्या नळीला हात लावू नकोस." तिथे खिळ्यानं वाकडंतिकडं नाव कोरलेलं होतं, त्यांनी नऊ वर्षांचे असताना कोरलेलं. त्या नावासाठीच त्यांनी सायकल समुद्रापार आणली होती. मी न विचारता फ्रेम सँडब्लास्टिंगला पाठवली असती तर? जगातल्या कुठल्याही दुकानात तो पार्ट मिळाला नसता.

संग्राहकांच्या बाजारातही हेच आहे. मूळ रंग जसा असेल तसा टिकलेल्या सायकलीला बरेच जाणकार नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मान देतात. रंग पुन्हा मारता येतो, पण मूळ रंग एकदाच असतो. म्हणून आधी फक्त स्वच्छ करा, मग ठरवा.

गंज काढायचा क्रम

गंजाचे दोन प्रकार समजून घ्या. वरवरचा गंज म्हणजे लाल भुकटी, घासली की जाते. खोल गंजात धातूच खाल्लेला असतो, तिथे खड्डे दिसतात. फ्रेमच्या जोडाजवळ किंवा चिमट्याच्या नळीत असा खड्डा असेल तर ती सायकल चालवण्यासाठी विकू नका. भिंतीवर टांगायला किंवा पार्टसाठी ठीक.

क्रोमचे पार्ट: हँडल, सिसी बार, रिम यांच्यावर क्रोमचा थर असतो. त्यातल्या बारीक छिद्रांतून खालच्या लोखंडाचा गंज वर येतो. घरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडे पडण्याची भीती कमी. मग पुसून, वाळवून मेणाचं पॉलिश. क्रोमचे पापुद्रेच सुटले असतील तर कुठलीही फॉइल काही करणार नाही. मग नव्यानं प्लेटिंग किंवा दुसरा पार्ट, आणि दोन्हीचा भाव आधी काढा.

रंग असलेले आणि कोपऱ्यातले पार्ट: ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण कामाला येतं. एक बादली पाणी, दोन-तीन मोठे चमचे पावडर, पार्ट बुडवून काही तास. आधी न दिसणाऱ्या जागी थेंब टाकून रंगावर परिणाम होतो का ते बघा, ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचा मुलामा असलेले पार्ट त्यात टाकू नका. बाहेर काढल्यावर भरपूर पाण्यानं धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. नाहीतर अर्ध्या तासात गंज परत. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा, उघडी जागा, आणि बादलीवर नाव लिहून मुलांपासून लांब. यात हयगय नको.

वीज लावून गंज काढणं: धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लोखंडी पत्रा आणि बॅटरी चार्जर लावून बरेच जण करतात. साध्या लोखंडाच्या पार्टला छान चालतं. दोन गोष्टी पाळा: दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि क्रोमचे पार्ट यात टाकायचे नाहीत. यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बंद खोलीत नको आणि जवळ आग नको.

जाम झालेले नट: आत झिरपणारं तेल टाका आणि एक-दोन दिवस थांबा. हातोडीपेक्षा थांबणं स्वस्त पडतं. श्विनच्या एक-तुकडी क्रँकला डाव्या बाजूचा नट आणि कोन उलट्या आट्यांचे असतात. ते सोडवायला घड्याळाच्या दिशेनं फिरवावं लागतं. डावं पायडलही उलट्या आट्यांचं. हे माहीत नसलेला माणूस पाइप लावून जोर करतो आणि न मिळणारा पार्ट तोडून बसतो.

चॉपरला कॉटरवाली क्रँक असते. कॉटरचा नट सैल करून आट्यांच्या टोकाला समपातळीत ठेवा, क्रँकखाली जाड पाइपचा भक्कम आधार द्या, आणि मग एकच खणखणीत घाव. आधार नसेल तर सगळा धक्का आतल्या छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो. शक्य असेल तर कॉटर प्रेसच वापरा.

पार्ट्सचा शोध: इथेच खरी कमाई किंवा खरं नुकसान

आता मुख्य मुद्दा. पार्ट मागवताना "२० इंची सायकलीचा टायर द्या" असं म्हणालात की अर्धे पैसे गेलेच म्हणून समजा. का, ते बघा.

टायरवर लिहिलेलं '२० × १.७५' आणि '२० × १ ३/४' यांत फरक काय? शाळेच्या गणितात काहीच नाही, पावणेदोन म्हणजे पावणेदोनच. पण सायकलीच्या जगात पहिला टायर ४०६ मिलिमीटरच्या रिमचा, दुसरा ४१९ मिलिमीटरच्या रिमचा. तेरा मिलिमीटरचा फरक. एक दुसऱ्यावर बसत नाही. श्विनच्या 'एस-७' शिक्का असलेल्या रिमला ४१९ वाला लागतो, 'एस-२' ला ४०६ वाला. म्हणून दुकानदाराला इंच सांगू नका. रिमवरचा शिक्का वाचा आणि मिलिमीटरचा आकडा सांगा.

असेच अजून चार सापळे:

१. पायडल: एक-तुकडी क्रँकला अर्ध्या इंचाच्या आट्यांचं पायडल लागतं. आजच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचं असतं. सुंदर पायडल घेतलं आणि बसलंच नाही, असं नको.

२. श्विनची क्रँक: तिच्या कोनला एका इंचात २८ आटे असतात, बाकीच्या बहुतेक अमेरिकी एक-तुकडी क्रँकना २४. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. जबरदस्ती केलीत तर दोन्हीचे आटे जातील.

३. रॅलेची बीबी: नॉटिंगहॅमच्या रॅले सायकलींना इंचात २६ आट्यांच्या वाट्या असायच्या, बाकी बहुतेक २४ वर. म्हणून जुन्या वाट्या जपा. छर्रे आणि ग्रीस बदललं तरी बहुतेक वेळा काम होतं.

४. कॉटर: रॅलेचा साडेनऊ मिलिमीटरचा, इतर काही देशांच्या सायकलींना नऊचा. व्हर्नियर लावून मोजा, डोळ्यानं नाही.

एक व्हर्नियर आणि एक आटे मोजायची पट्टी, म्हणजे थ्रेड गेज, ही तुमची पहिली गुंतवणूक. पॉलिश मशीन नंतर.

आता पार्ट मिळतात कुठे? पाच जागा आहेत.

पहिली, दुसरी मोडकी सायकल. फ्रेम वाकलेली पण सीट आणि चेनकव्हर शाबूत, अशी सायकल पार्टसाठी घ्या. पण पूर्ण सायकल तोडून पार्ट विकायचा मोह टाळा. चार पैसे जास्त मिळतात हे खरं, पण अशा पूर्ण सायकली दरवर्षी कमी होतायत आणि तुमचा धंदा त्यांच्यावरच चालणार आहे.

दुसरी, बंद पडलेल्या दुकानांचा पडीक माल. जुना पण न वापरलेला, कधी खोक्यातलाच. भाव जास्त, पण मोजमापाची चिंता नाही. जुन्या दुकानदाराशी बोलायला वेळ द्या. तो आधी तुम्हाला पारखतो, मग माळ्यावरचं खोकं खाली काढतो.

तिसरी, नव्यानं बनवलेले नकलेचे पार्ट. सीटची कव्हरं, स्टिकर, मुठी, टायर मिळतात. वापरायला काहीच हरकत नाही. फक्त बिलावर लिहायचं.

चौथी, स्वॅप मीट. अमेरिकेत जुन्या सायकलींचे मेळे भरतात. मिशिगनमधला ॲन आर्बरच्या नावानं ओळखला जाणारा मेळा त्यांतला नावाजलेला. इथे पार्ट हातात घेऊन मोजता येतो आणि पार्सलचा खर्च वाचतो. जाताना यादी, मापं आणि जुना पार्ट बरोबर न्या.

पाचवी, आजचं साधं स्पेअरचं दुकान. छर्रे, चेन, केबल, ब्रेकचे रबर, ट्यूब. जे दिसत नाही आणि सुरक्षेचं आहे ते नवीनच घाला. पन्नास वर्षांच्या केबलवर कुणाचा नातू ब्रेक दाबणार आहे हे विसरू नका.

विकताना: जे आहे ते लिहा

या बाजारात नक्कल भरपूर आहे आणि ती कंपन्यांनी स्वतःही केली आहे. श्विननं १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्रेट पुन्हा काढल्या. रॅलेनं चॉपर नव्या रूपात २००४ मध्ये आणली आणि २०२३ मध्ये जुन्या रूपातली मर्यादित संख्येत, ९५० पौंडांना. त्या वाईट नाहीत, पण १९७२ च्या नाहीत. विकताना एक पानाचं कार्ड द्या: फ्रेमचं वर्ष, मूळ पार्ट कोणते, जुने पण दुसऱ्या सायकलीचे कोणते, नकलेचे कोणते, काय काय केलं. असं कार्ड देणाऱ्याकडे ग्राहक दुसऱ्यांदा येतो आणि मित्राला घेऊन येतो. संग्राहकांचं जग छोटं आहे, तिथे एकदा "हा खोटं सांगतो" असं झालं की दुसरं दुकान उघडूनही उपयोग नाही.

सुरक्षेचंही तोंडानं सांगा. मधल्या दांड्यावरचा गिअर पोरांना लागायचा, म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात नियम आले आणि तो दांडा तिथून गेला. क्रोमच्या लोखंडी रिमवर पाऊस पडला की ब्रेक नीट लागत नाही. लांब सीट बघून दोघं बसतात आणि वजन मागे गेलं की पुढचं चाक उचलतं. ग्राहक नातवाला चालवायला देणार असेल तर हे त्याला आधी कळलं पाहिजे.

आपल्याकडे ही पद्धत कशी लावायची?

मसल बाइक आपल्याकडे फारशा नाहीत, पण इंग्लिश वळणाच्या रोडस्टर भरपूर आहेत. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय सायकल्सची हर्क्युलस, अशा सायकली आपल्या आजोबांनी वापरल्या. अनेक घरांत त्या आजही गोठ्यात, माळ्यावर उभ्या आहेत. मोठा फायदा म्हणजे कॉटर, छर्रे, २८ इंची टायर असा माल लुधियानाकडून आजही येतो, कारण साध्या काळ्या सायकली अजून बनतात. अडतं कुठे? मूळ बॅज, दिवा, डायनॅमो, चामड्याची सीट, पूर्ण बंद चेनकव्हर. नियम तोच: नसलेले पार्ट मोजा, मग भाव बोला. मूळ वस्तू कशी दिसते हे डोळ्यात बसवायचं असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय एकदा बघून या.

या आठवड्याचं काम

पैसे खर्च करू नका. आसपासची एक जुनी सायकल शोधा, मालकाची परवानगी घ्या आणि तीन रकान्यांचा कागद भरा. नसलेल्या प्रत्येक पार्टचा भाव दोन ठिकाणी विचारा. पार्सल, टायर, किरकोळ आणि तुमच्या तासांची मजुरी धरा. मग विक्रीची किंमत अंदाजानं न धरता, तशीच सायकल प्रत्यक्षात कितीला गेली ते शोधून लिहा. जाहिरातीत मागितलेली किंमत धरायची नाही, मिळालेली धरायची.

असे पाच कागद भरून झाले की तुम्हाला कळेल, पाचांतल्या कदाचित एकाच सायकलीत पैसा आहे. ती एक घ्या. आणि ती पूर्ण होऊन विकली जाईपर्यंत दुसरी घरात आणू नका. अर्धवट खोललेल्या चार सायकली म्हणजे गंजत पडलेलं भांडवल, आणि त्या गंजावर ऑक्झॅलिक ॲसिड चालत नाही.

कागद भरलात की हिशोब पुन्हा एकदा तपासा. पुढच्या व्हिडिओत मी व्हर्नियर आणि थ्रेड गेज कसं वाचायचं ते दुकानातच दाखवणार आहे. भेटूया!